चटईखाली दोघं

माझा नवरा फेरेती वचनं मोजायचा. तसं सगळेच मोजतात, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी शंख वाजला की घरातली सगळी माणसं गोल करून बसतात, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं जातं आणि प्रत्येकानं एकेक वचन वाचायचं, पाळीपाळीनं, अध्याय संपेपर्यंत. मग पोरं एका बोटानं माणसं मोजतात, दुसऱ्या बोटानं ओळी मोजतात, आणि आपल्या वाट्याला लांबलचक वचन येतंय असं दिसलं की शेजारच्याला कोपर मारून जागा बदलतात. मीही लहानपणी हेच केलंय. सामोआतल्या आमच्या फागालोतो गावात न मोजणारं एक घर दाखवा, मी तुम्हाला डुक्कर भाजून घालते.

पण पोरं मोजतात ती लांबीला भिऊन. फेरेती मोजायचा तो अर्थाला भिऊन. नातवंडं झाली, केस पिकले, तरी पाप, दगड, निर्दोष माणूस असलं काही आपल्या वाट्याला येतंय असं दिसलं की त्याला हमखास ठसका लागायचा, नाहीतर चष्मा सापडायचा नाही, आणि ते वचन बिचाऱ्या जावयाच्या गळ्यात पडायचं. नातवंडं म्हणायची, आजोबांचा चष्मा देवाला घाबरतो. सगळे हसायचे. मी हसत नसे, कारण मला कारण माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसलं होतं ते.

वाईट माणूस मात्र नव्हता हो. अळूच्या मळ्यात राबायचा, नारळ सोलताना शीळ घालायचा, मासे मिळाले की अर्धे वाटेतच वाटून यायचा आणि घरी माझ्या शिव्या खायचा. कुणाचं छप्पर गळालं की याला बोलावणं. कुणाची म्हातारी उचलून बसमध्ये बसवायची, बोलवा फेरेतीला. आमचे पाळक म्हणायचे, याच्यासारखी दहा माणसं गावात असती तर मला रविवारी बोलायला विषयच उरला नसता. फेरेती ते ऐकून खाली बघायचा. लोकांना वाटे, काय नम्र माणूस आहे.

आता मूळ गोष्ट सांगते. एकतीस वर्षांमागची.

आमच्याकडे शंख तीनदा वाजतो. पहिल्याला घरी या, दुसऱ्याला प्रार्थना सुरू, तिसऱ्याला मोकळे. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये रस्त्यावर चिटपाखरू दिसता कामा नये. जवान पोरं रस्त्याकडेला पहारा देतात. परगावचा कुणी आलाच तर त्याला तिथंच खाली बसवतात, तिसरा शंख झाला की जा बाबा म्हणतात. त्या संध्याकाळी गावाच्या पूर्वेच्या टोकाला दोघांचा पहारा होता, फेरेती आणि आसोआ. आसोआ म्हणजे आमच्या शेजारच्या इआनेता मावशीचा एकुलता एक मुलगा. फेरेतीचा लहानपणापासूनचा दोस्त. लग्न व्हायचं होतं, डोकं भडक, दर शनिवारी रग्बी खेळताना कुणाचं तरी नाक फोडून यायचा. मी तेव्हा सात महिन्यांची पोटुशी होते.

वाइउता गावचा फिलेमोनी घोडा पिटाळत आला. त्याची लहानगी तापानं आकडी येऊन पडली होती, आणि नर्सबाई राहायच्या आमच्या गावाच्या पलीकडे. पण हे सगळं नंतर कळलं. या दोघांनी थांब म्हणून हाका मारल्या. तोही काहीतरी ओरडला, ते टापांच्या आवाजात गेलं. घोडा बिचकून थांबावा म्हणून दोघांनी वाटेवरचे दगड उचलले. एकानं मारला. तो घोड्याला लागलाच नाही, फिलेमोनीच्या कानशिलात बसला. माणसं धावून आली तेव्हा आसोआच्या हातात दगड होता आणि फेरेतीचे हात रिकामे होते. तिसऱ्या दिवशी फिलेमोनी गेला. पोर वाचली, नर्सबाई न येताच, आपली आपण.

आम्ही बाकीचे तेव्हा घराघरांत बसून शास्त्र वाचत होतो. देवाच्या वेळेची राखण करताना माणूस मारला गेला. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मला एकतीस वर्षांत शब्द सापडलेला नाही.

आमच्यात अशा वेळी इफोगा करतात. ज्यांच्याकडून गुन्हा घडला त्यांच्या प्रमुखानं पहाट व्हायच्या आत दुखावलेल्यांच्या दारात जाऊन बसायचं, डोक्यावरून केवड्याच्या पातीची बारीक विणीची चटई ओढून घ्यायची, पुढ्यात सरपण आणि भट्टीचे धोंडे ठेवायचे. म्हणजे आम्हाला मारा, भाजा, तुमची मर्जी. आतल्यांनी येऊन चटई उचलली तर क्षमा. नाही उचलली तर काय होईल ते होईल. आमच्या वतीनं म्हातारा उलुगिया बसला. तो फेरेतीचा मामा आणि आमच्या गावाचा वडीलधारा. दगड मारला कुणी हे त्यालाही ठाऊक नव्हतं, त्यानं विचारलंही नाही. ऊन डोक्यावर येईपर्यंत तो चटईखाली तसाच होता, पाठीमागे गावातले सगळे पुरुष मान घालून. दुपारी फिलेमोनीचा बाप बाहेर आला, त्यानं चटई उचलली आणि म्हणाला, ऊठ, माझ्या घरात ये. उलुगियाची पाठ त्यानंतर कधी सरळ झाली नाही. पाप एकाचं, पाठ दुसऱ्याची. सगळ्या सामोआत हे असंच चालतं, आणि आम्हाला त्यात वावगं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोबरं किसत होते. फेरेती समोर येऊन बसला आणि म्हणाला, "फुआतिनो, दगड मी मारला."

मला ते आधीच कळलं होतं. तीन रात्री ज्याच्या कुशीत झोपलात त्याचं अंग कळतंच. तो म्हणाला, आज गावसभा बसणार आहे, तिथं उठून सांगतो.

मी किसणी खाली ठेवली. त्याचा हात धरला आणि माझ्या पोटावर दाबला. मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, आठवू नये असं कितीदा वाटलं तरी. म्हणाले, "चटई उचलली गेली. मेलेल्याच्या बापानं क्षमा केली, मग देवानं केलीच. आता ते उकरून काढणारा तू कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची. या बाळाला बाप हवा की तुझा खरेपणा?"

 तो उठला आणि सभेला गेला, आणि तिथं मूग गिळून बसला.

मला वाटलं होतं सभा नुसती कानउघाडणी करून सोडेल. पण वाइउताच्या लोकांपुढे गावाचं तोंड काळं झालं होतं, प्रमुखांना कुणाला तरी शिक्षा केल्याशिवाय चैन पडत नव्हतं. त्यांनी दोघांना विचारलं. फेरेती गप्प. आसोआही गप्प. मग कुणीतरी म्हणालं, दगड कुणाच्या हातात सापडला ते आम्ही पाहिलंय, आणि आसोआचा स्वभाव काय आजचा आहे होय. आसोआ म्हणाला, तुम्ही ठरवाल ते. एवढंच. त्याला सूर्य मावळायच्या आत गाव सोडायला सांगितलं, पुन्हा पाऊल टाकायचं नाही अशा बोलीवर. कापडाचं एक गाठोडं घेऊन तो आमच्या घरावरून गेला. घरं उघडी, नुसते खांब, भिंत नाही की लपायला दार नाही. मी तोंड फिरवून भांडी घासत बसले. तो आधी आपियाला, राजधानीत, राहिला, पुढे ऑकलंडला गेला. आमची तालोसिया दोन महिन्यांनी जन्मली. गोरीगोमटी, धडधाकट. बघ, मी फेरेतीला म्हटलं. तो बघत होता आणि रडत होता.

आता त्याच्या उरलेल्या आयुष्याचं काय सांगू. ते सगळं इआनेता मावशीच्या अंगणात गेलं. तिचा मळा हा खणायचा. नीरफणस उतरवून द्यायचा, छपराची पानं बदलायचा, तिच्या डुकरांना नारळ फोडून घालायचा. मावशी आल्या-गेल्याला सांगायची, माझ्या पोटी जन्मला त्यानं मला खाली बघायला लावलं, आणि हा परका पोरगा बघा कसा पुत्रासारखा करतो. फेरेती हे ऐकून जेवत नसे. मी त्याला म्हणायचे, म्हातारीची सेवा करतोयस ना, तेच तुझं प्रायश्चित्त. तो म्हणायचा, "तिला हवंय ते मी देत नाही, फुआतिनो. नको असलेलं रोज नेऊन देतो."

आणि संध्याकाळ. संध्याकाळचं मला कुणी विचारू नका. आमचं वाचन आटोपायचं, प्रार्थना व्हायची, आणि शेजारून मावशीचा आवाज यायचा. दोन घरांच्या मधे पपईची चार झाडं, बस. ती एकटीच वाचायची, एकटीच गायची, आणि शेवटी मोठ्यानं म्हणायची, देवा, माझ्या आसोआच्या हातून रक्त सांडलं, त्याचा दोष माझ्यावर घाल, पण त्याला टाकू नकोस. रोज. एक दिवस चुकवला नाही बाईनं. एकतीस वर्षं म्हणजे किती संध्याकाळी होतात ते मी मोजत नाही, पण फेरेतीनं प्रत्येक संध्याकाळी ते ऐकलं. मी त्या वेळी मुद्दाम ताटं वाजवायचे. ताटं वाजवून काय झाकलं जाणार.

आसोआचं पत्र वर्षातून एकदा यायचं, नाताळात. मावशीला दिसेनासं झाल्यावर ते वाचून दाखवायचं काम कुणाचं, तर फेरेतीचं. तब्येत बरी आहे, थंडी फार आहे, फेरेती आणि फुआतिनोला नमस्कार. कधी कुणावर राग नाही, कसली तक्रार नाही. एकदा मावशीनं उत्तर लिहून घेतलं, की तू कबूल का करत नाहीस, आईजवळ तरी मन मोकळं कर. हे लिहायलाही फेरेतीच. त्या पत्राचं उत्तर आलं नाही. पुढच्या नाताळात पुन्हा तेच, थंडी फार आहे.

मागच्या पावसाळ्यानंतर पाळकांनी गावाला जुन्या करारातला याजकांच्या नियमांचा भाग वाचायला दिला. रोज एक अध्याय. बैल, बकरे, रक्त, चरबी, कुठलं आतडं कुठं जाळायचं, पोरं कंटाळून गेली. पण मला पुढचं माहीत होतं. सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचे दोन बकरे येतात. एक मारतात. दुसरा जिवंत ठेवतात आणि सगळ्या लोकांची पापं त्याच्यावर लादून त्याला ओसाड रानात हाकलून देतात. ते पापं घेऊन रानात जाणं बाविसाव्या वचनात आहे.

फेरेतीला तेव्हा साखरेच्या आजारानं एक पाऊल गमवावं लागलं होतं. खांबाला टेकून बसायचा, पहिलं वचन त्याचं. मी सकाळीच मोजून ठेवलं. घरात सात माणसं, तो, मी, तालोसिया, जावई आणि तीन नातवंडं. सातानं मोजलं तर एक, आठ, पंधरा, बावीस. बरोब्बर त्याच्याच गळ्यात. मग मी धाकट्या दोघांना पहिल्या शंखाच्या आधीच मावशीकडे पाठवलं. ती आजारी होती, अंथरुणावर उठून बसता येत नव्हतं. म्हटलं, जा, आजीसोबत तिकडंच प्रार्थना करा. उरलो पाच. पाचांत बाविसावं त्याच्याकडे येत नव्हतं. मीच मला शाबासकी दिली.

कपाळ माझं. बाविसाव्याकडे बघता बघता एकविसावं मोजायचं राहून गेलं.

एक, सहा, अकरा, सोळा, एकवीस. एकविसाव्यात याजकानं काय करायचं ते आहे. जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवायचे आणि सगळे अपराध, एकूण एक, तोंडानं कबूल करायचे, ते त्याच्या डोक्यावर ठेवायचे, आणि मग त्याला पाठवून द्यायचं. फेरेतीची पाळी आली. ठसका लागला नाही, चष्मा हरवला नाही. त्यानं ते सावकाश वाचलं, 'कबूल' या शब्दाशी थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नंतरचं बाविसावं माझं होतं, कारण मी त्याच्या शेजारीच बसते. मी वाचलं कसंबसं.  पुढे तालोसियानं तेविसावं वाचलं, तिला काय, तिला कुठं काय माहीत. प्रार्थना संपली आणि शेजारून मावशी. आता आवाज पार खोल गेलेला, पण शब्द तेच, माझ्या आसोआच्या हातून.

तिसरा शंख झाल्यावर फेरेती म्हणाला, "मी मावशीला सांगतो. आत्ताच जातो."

काठी घेऊन उठायला लागला. मी काठी धरली. आणि मी काय म्हणाले ऐका. मी म्हणाले, "तिचं काळीज तोळामासा झालंय. ऐकून तिथल्या तिथं गेली तर? एक जीव गेला तुझ्या हातून, आता दुसरा घेणार? बरी होऊ दे, मग सांग."

 त्याला माहीत होतं की मला मावशीच्या काळजाची काळजी नाही. मला काळजी होती तालोसियाची, जावयाच्या माणसांची, चर्चमध्ये पहिल्या बाकावरच्या माझ्या जागेची. खरं सांगते, आता लपवून कुणाला दाखवायचंय. पण तो मला कधी तोडून बोलला नाही. काठी खांबाला टेकून ठेवली आणि बसला.

मावशी बरी झाली नाही. अकराव्या दिवशी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर गेली. शेवटपर्यंत तेच म्हणत होती, तालोसिया उशाशी होती, तिनं ऐकलं.

गावसभेनं आसोआला आईला माती द्यायला तीन दिवसांची परवानगी दिली. तो विमानानं आला, मग होडीनं. केस पांढरे, थोडा वाकलेला, पायांत बूट. पुरलं तेव्हा फेरेती कबरीजवळ उभा होता आणि एका पायावर हलत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं जावयाला सांगितलं, मला सभेत ने. मला विचारलं नाही. तिथं त्यानं सगळं सांगितलं. मी त्याला थोपवलं होतं ते काही सांगितलं नाही, फक्त आपलं. सभेतलं हे मला जावयाकडून कळलं. त्या वेळचे प्रमुख सगळे कधीच मातीआड झालेले. आता उलुगिया हे प्रमुखपदाचं नाव म्हाताऱ्याच्या पुतण्याला मिळालंय. तो म्हणाला, "बैल गेला नि झोपा केला, फेरेती काका." पण आसोआवरची बंदी तिथंच उठवली आणि फेरेतीला पाच डुकरांचा दंड केला.

फेरेती म्हणाला, दंड भरतो, पण आसोआपुढे इफोगा करायची आहे, तुम्ही पुढे चला. पुतण्या म्हणाला, इफोगा गावानं गावाकडे न्यायची असते काका, शेजाऱ्यानं शेजाऱ्यापुढे बसायचं असं कुणी ऐकलंय का, त्याला हात जोड आणि मिटव. कुणी येईना.

मग आम्ही दोघंच गेलो. तालोसियाच्या पोरीच्या पुढंमागं होणाऱ्या लग्नासाठी मी तीन वर्षं विणत होते ती चटई मी काढली, त्यानं मागितली नव्हती. पहाटे पपईच्या झाडांमधून त्याला आधार देत नेलं. पंधरा पावलं असतील. एकतीस वर्षांत खरं सांगायला म्हणून आम्हाला तेवढी चालता आली नव्हती. मावशीच्या अंगणात त्याला बसवलं, पुढ्यात सरपण ठेवलं, त्याच्यावर चटई घातली आणि मग मीही आत शिरले. बायका बसत नाहीत. मी बसले.

चटईखाली आधी बरं वाटतं, गार, केवड्याचा वास. ऊन चढलं की तीच भट्टी होते. फेरेतीचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. घरातून आसोआच्या नातेवाइकांचे आवाज येत होते, बसू दे मेल्यांना, वाळू दे. मी मनात म्हटलं, बरोबर आहे तुमचं. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबत होती, पोरांना त्यांच्या आया ओढून नेत होत्या. ऊन नारळांच्या शेंड्यांवर आलं तेव्हा पावलं ऐकू आली. कुणीतरी समोर मांडी घालून बसलं. चटई उचलली नाही.

आसोआ म्हणाला, "मला माहीत होतं, फेरेती. मी तुझ्या शेजारीच उभा होतो ना."

फेरेतीला हुंदका आला. म्हणाला, "मग बोलला का नाहीस?"

"वहिनीचं पोट दिसत होतं मला. मी एकटा जीव. म्हटलं, माझं काय, मी कुठंही भरेन पोट." मग म्हणाला, "राग यायचा. नाही असं नाही. आधीची चार-पाच वर्षं फार यायचा. पण तू आईचं छप्पर शाकारतोस असं तिच्या पत्रात वाचलं की उतरायचा."

आणि त्यानं चटई उचलली. दोन्ही हातांनी, सावकाश, आमच्यात उचलतात तशी. उजेडानं मला काही दिसेना. त्यानं फेरेतीच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्याही ठेवला. मला वाटलं, सुटलो. आतले लोक आता बाहेर येतील, जेवण होईल, रडणं होईल, संपेल.

तेव्हा आसोआ म्हणाला, "माझ्यासाठी नको होतं रे काही. पण आईला तरी सांगायचं होतंस. मी केलं नाही, एवढं कळून ती गेली असती. तिला का सांगितलं नाहीस?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सोसलं असतं. तो खरोखर विचारत होता, एकतीस वर्षं त्याला या एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं असं वाटलं. मला उत्तर ठाऊक होतं. माझं तोंड उघडायला एक श्वास लागला असता.

फेरेती म्हणाला, "माझा धीर झाला नाही."

बस, एवढंच. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आसोआला कळलं असतं, म्हणूनच पाहिलं नाही. आणि मी त्याच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून, गप्प बसले.

आसोआनं मान हलवली. त्याला पटलं नव्हतं, पण त्यानं पुढे विचारलं नाही. आता तो आईच्या घरातच राहतो, परत गेला नाही. मला वहिनी म्हणतो, केळीचा घड ठेवून जातो.

त्यानंतर पाचव्या महिन्यात फेरेती गेला. शेवटी शेवटी मी त्याला म्हटलं, मी आसोआला खरं सांगते. तो म्हणाला, त्याचं मन आता कुठं स्वस्थ झालंय, आता माझ्यावर आहे ते माझ्यावरच राहू दे. या वेळी मी त्याचं ऐकलं. मला ऐकायचंच होतं.

पुरताना पाळक बोलले, फार चांगलं बोलले. म्हणाले, या माणसानं आपल्या पापाचं ओझं एकतीस वर्षं वाहिलं, आणि शेवटी सगळ्यांसमोर कबूल करून स्वतः चटईखाली बसला. आसोआ पुढेच होता, डोळे पुसत होता. पाळक म्हणाले, दुसऱ्या कुणाचा दोष त्यात नव्हता, आणि कबूल करताना त्यानं तो दुसऱ्या कुणावर टाकला नाही.

मला उठून उभं राहायचं होतं. शप्पथ सांगते, हात जमिनीला टेकले होते मी उठायला. तालोसियानं मला जवळ घेतलं, म्हणाली, आई, रडून घे. मी मान खाली घालून बसून राहिले, आणि सगळ्यांना वाटलं, नवऱ्यासाठी रडतेय.